रयतेत कोणाला धरायचे?

पुणे-बेंगळूरू महामार्गावर सातारा-कराडच्या पट्ट्यात शाळा-कॉलेजांच्या कमानींवर 'रयत' ही अक्षरे वारंवार दिसतात. तोच रस्ता कागल मागे टाकून निपाणीच्या बाजूला उतरला की कर्नाटक सरकारच्या कृषी खात्याच्या पाट्या सुरू होतात. त्यांवर कन्नडमध्ये लिहिलेले असते 'रैत संपर्क केंद्र'. शब्द एकच. कमानीखालून आत जाणारा मुलगा शेतमजुराचा, न्हाव्याचा, शिपायाचा, कोणाचाही असू शकतो. केंद्रात बियाण्यासाठी जाणाऱ्याकडे मात्र जमिनीचा उतारा लागतो. मराठीत रयत म्हणजे राज्यातली सगळी साधी माणसे, ज्यांच्या हाती सत्ता नाही, वतन नाही, मानपान नाही अशी. कन्नडमध्ये रैत म्हणजे शेतकरी. बेळगाव-निपाणीच्या भागात हे दोन्ही अर्थ एकाच घरात, कधी एकाच वाक्यात नांदतात. इथल्या मराठी वर्तमानपत्रांत 'कर्नाटक राज्य रैत संघ' हे नाव 'रयत संघटना' असे छापून येते. बेळगावच्या वाचकाला त्यातून शेतकऱ्यांचा मोर्चा समजतो. पुण्याच्या वाचकाला क्षणभर वाटेल की शिवकाळातले काहीतरी चालले आहे.

दोन भाषांनी एक उसना शब्द दोन रीतींनी वापरला, एवढीच ही गंमत असती तर ती कोशकारांवर सोडता आली असती. पण हा फरक निव्वळ भाषेतून आलेला नाही. रयत हा शब्द गरिबीचा, जातीचा किंवा धंद्याचा आहे असे आपण धरून चालतो. माझ्या मते तो मुळात नोंदीचा आहे. सरकार ज्याला मधल्या माणसाशिवाय थेट ओळखते, ज्याच्या नावाने खाते उघडते आणि ज्याच्याकडून थेट घेते, तो रयत. त्यामुळे 'सामान्य माणूस' म्हणून घेणे हीसुद्धा कित्येकांना मिळवावी लागलेली पायरी ठरली, आणि काहींना ती अजून मिळालेली नाही. हे समजून घ्यायला बेळगाव-निपाणीइतका सोयीचा मुलूख दुसरा नाही, कारण इथे नोंद ठेवणारी सरकारे बदलत गेली आणि त्यांच्याबरोबर रयतही बदलत गेली.

शब्द अरबी आहे. मूळ 'रईय्या', म्हणजे राखणीखालचा कळप. चरायला नेणे, राखणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. राजा राखणदार आणि प्रजा त्याचा कळप, ही कल्पना त्यात पहिल्यापासून आहे. तो फारसीतून दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरात आला आणि तिथून मराठी-कन्नडमध्ये उतरला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी रयत हटली नाही. ती तोंडी पक्की बसली होती. बाहेरच्या जगातही या शब्दाने नोंदीप्रमाणेच रूप बदललेले दिसते. उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात 'रेआया' म्हणजे कर भरणारे सगळे, आणि त्यांच्यासमोर कर न भरणारा लष्करी-कारभारी वर्ग. पुढेपुढे तोच शब्द ख्रिस्ती प्रजेपुरता आकसला. बंगालमध्ये 1793च्या कायमधाऱ्याने जमीनदाराला मालक ठरवले आणि तिथली रयत त्याचे कूळ बनली. अरबी मूळ तेच, पण इस्तंबूलमध्ये करदाता, ढाक्यात कूळ, बेळगावात खातेदार. अर्थ मुळात शोधण्यापेक्षा दफ्तरात शोधावा तो यासाठी.

व्याकरणाचाही एक धागा इथे आहे. मराठीत रयत स्त्रीलिंगी आणि समूहवाचक आहे. रयत नांदते, रयत उठते, रयत परागंदा होते. 'दोन रयता आल्या' असे कोणी म्हणत नाही. कन्नडमधला रैत पुल्लिंगी आणि मोजता येणारा आहे. एक रैत, अनेक झाले की रैतरु, आणि बाई असेल तर 'रैत महिळे' असे वेगळे सांगावे लागते. समूहाच्या नावाने आश्वासन देता येते, कार्ड देता येत नाही. कार्ड द्यायचे तर एकेक माणूस मोजावा लागतो, आणि मोजणी आली की कोणीतरी बाहेर राहतोच. मराठी अर्थ मोठा पण हवेतला, कन्नड अर्थ लहान पण हाती लागणारा, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

मराठेशाहीच्या कागदांत रयत बहुतेक वेळा निषेधाच्या वाक्यात येते: तिला काय करू नये हे सांगण्यासाठी. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या फौजेला 1670च्या दशकात गेलेले शिवाजी महाराजांचे पत्र सर्वांना माहीत आहे. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात तुम्ही कुणब्याच्या घरातला दाणा, गवत, भाजीपाला ओरबाडाल आणि लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा विषय निघतो, तेव्हा रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, तिने ती झाडे लेकरांसारखी वाढवली आहेत, घ्यायचेच तर राजी करून मोल देऊन घ्या, असे बजावलेले आहे. हे आज्ञापत्र कोल्हापूरच्या गादीच्या परिसरातले, म्हणजे निपाणीच्या उशाशीच लिहिले गेले. दोन्ही कागद मोठे आहेत, कारण राज्यकर्त्याला आपल्या माणसांची हाव ठाऊक असल्याचे त्यांतून दिसते. पण दोन्हींत रयत बोलत नाही. तिच्याविषयी बोलले जाते. शिवाय ती एकजिनसीही नव्हती. मिरासदाराचा जमिनीवर पिढीजात हक्क असे. उपरी परगावाहून आलेला, आज इथे तर उद्या तिथे. गावसभेत दोघांना सारखा मान नव्हता. त्यांच्याही पलीकडे गावकीची कामे करणारे बलुतेदार होते, आणि त्यांची नोंद सारा भरणाऱ्यांत नव्हे तर वतनांत होती.

1818मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा बेळगावचा किल्ला ज्याने वेढा देऊन घेतला तो इंग्रज सेनापती थॉमस मन्रो. इतिहासाने साधलेला हा योग मोठा नेमका आहे. याच मन्रोने मद्रास इलाख्यात रयतवारीची पद्धत उभी केली होती आणि पुढे तो त्या इलाख्याचा गव्हर्नरही झाला. बंगालसारखा जमीनदार मध्ये न ठेवता सरकारने प्रत्येक शेतकऱ्याशी थेट व्यवहार करावा, हा त्याचा आग्रह. मुंबई इलाख्यात 1835पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून मोजणीला सुरुवात केली आणि तीस वर्षांच्या आकारणीची घडी बसवली. बेळगाव जिल्हाही त्याच साच्यात आला. सर्व्हे नंबर पडले, नंबराला आकार लागला, आकारापुढे नाव लागले. आज ज्याला आपण उतारा म्हणतो त्याची ही जन्मकथा. या व्यवस्थेने मिरासदार आणि उपरी हा भेद पुसला. दोघेही खातेदार झाले. तिने सावकाराचीही सोय केली, कारण जे नाव लिहिता येते ते गहाणही टाकता येते आणि लिलावातही निघते. 1875मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या त्यामागे हेच होते. मात्र शब्दाच्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच घडली. रयत या समूहातून 'एक रयत' वेगळा काढता येऊ लागला, आणि त्याची ओळख जमिनीच्या तुकड्याला जोडली गेली.

मग रयत होणे चांगले की वाईट? याचे उत्तर बेळगाव आणि कोल्हापूर या शेजारच्या मुलखांतले दोन प्रसंग समोरासमोर ठेवले की मिळते. संगोळी रायण्णा हा कित्तूरच्या पदरी शेतसनदी होता. शेतसनदी म्हणजे शिपाईगिरीच्या बदल्यात सनदेने जमीन खाणारा. 1824च्या लढाईनंतर कित्तूर कंपनीच्या ताब्यात गेले, शेतसनद्यांच्या जमिनींचा काही भाग काढून घेतला गेला, उरलेल्यावर जबर सारा बसला. ज्याच्या जमिनीमागे तलवारीचा मान होता त्याला सारा भरणारा करून टाकले. रायण्णाने 1829पासून बंड उभारले, कचेऱ्या जाळल्या, दप्तरे जाळली. जानेवारी 1831मध्ये त्याला खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिले. त्याच्यासारख्यांच्या दृष्टीने रयत होणे ही घसरण होती. आता कोल्हापूर घ्या. 1918मध्ये शाहू महाराजांनी महारकीची वतने बंद केली आणि त्या जमिनी वतनदारांच्या नावे रयतावा करून दिल्या. रयतावा म्हणजे पूर्ण सारा भरून स्वतःच्या खात्यावर ठेवायची जमीन. कागदावर दोन्ही ठिकाणी एकच क्रिया झाली: चाकरीची जमीन साऱ्याची झाली. कित्तूरकडे तिच्यामुळे बंड पेटले आणि कोल्हापुरात ती सामाजिक सुधारणेचा टप्पा ठरली. कारण शेतसनद्याची चाकरी मानाची होती, तर महाराची चाकरी रात्रंदिवस राबवून घेण्याची, कोणाही अंमलदाराने हाक मारावी अशी. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही होते त्याला रयतपण खाली ओढत होते. ज्याला गावकीने बांधून ठेवले होते त्याला तेच रयतपण दोर कापून देत होते.

ही गोष्ट निपाणीच्या इतिहासातही आहे, फक्त आपण ती या शब्दाशी जोडत नाही. डिसेंबर 1924मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन झाले. गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात याच एका अधिवेशनाचे, म्हणून बेळगाव त्याचा अभिमान बाळगते आणि तो रास्त आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 1925मध्ये, निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तिची आठवण त्या मानाने थोड्यांना. परिषदेने स्वतःसाठी 'रयत' हा शब्द घेतला नाही, 'बहिष्कृत' घेतला, आणि ते बरोबरच होते. ज्यांना विहिरीवरून हाकलले जाते त्यांना सामान्य प्रजेत धरणे म्हणजे वस्तुस्थितीवर पांघरूण घालणे. तीन वर्षांनी, 1928मध्ये, आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. बलुत्याची अनिश्चितता संपवावी आणि ज्याला वतनी चाकरी सोडायची असेल त्याला पूर्ण आकार भरून जमीन राखता यावी, असा त्याचा रोख होता. सोप्या भाषेत, वतनदाराला रयत होऊ द्या. त्या चर्चेत रयत म्हणजे बलुते देणारे शेतकरी, आणि महार त्यांच्या समोरचा पक्ष. विधेयक अखेर मागे घ्यावे लागले. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने गेली 1958मध्ये, म्हैसूर राज्यात ग्रामसेवेची पदे रद्द करणारा कायदा झाला 1961मध्ये. रयत आणि बहुजन हे समानार्थी शब्द आहेत असे जे आपण बेफिकीरपणे लिहितो त्याला हा तीस वर्षांचा उशीर हेच उत्तर आहे.

इथे कोणी म्हणेल की हा सगळा महसुली अर्थ झाला. लोकांच्या मनातली रयत त्यापेक्षा मोठी होती, आणि पुरावा म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांकडे बोट दाखवेल. आक्षेप वजनाचा आहे. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. पाच वर्षांनी साताऱ्यात वसतिगृह निघाले आणि त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली, एकत्र राबली, एकत्र शिकली. 'रयत' या नावात पाटलाचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकाच वेळी सामावला, हे त्याआधी कोणत्याही दफ्तराने केले नव्हते. भाऊरावांचा जन्म कोल्हापूरकडच्या कुंभोजचा, घराणे जैन, आणि त्याची मुळे कर्नाटकातल्या मूडबिद्रीची सांगितली जातात. म्हणजे हा शब्द दोन्ही बाजूंनी ऐकलेला माणूस तो. पण नीट पाहिले तर त्यांचे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. भाऊरावांनी नोंद टाळली नाही, नोंद करण्याची जागा बदलली. तलाठ्याच्या वहीऐवजी शाळेचा हजेरीपट आला. त्या पटावर नाव चढायला जमीन लागत नव्हती. मूल लागत होते. स्वावलंबनाच्या तत्त्वाने फीऐवजी श्रम चालत होते. शब्दाला मोठा अर्थ मिळाला तो भाषणामुळे नव्हे तर अशा एका यादीमुळे, जिच्या अटी कोणालाही पुऱ्या करता येत होत्या.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. रयत म्हटले की राजा आलाच. कळप म्हटला की राखणदार. लोकशाहीत नागरिक असताना हा सरंजामी शब्द जपायचा कशाला? 'रयतेचा राजा' हे विशेषण आजच्या पुढाऱ्यांच्या फलकांवर ज्या सढळपणे लावले जाते ते पाहिले की आक्षेप घेणाऱ्यांची बाजू घ्यावीशी वाटते. मतदाराला रयत म्हणणारा पुढारी स्वतःला कोण समजतो हे उघड आहे. पण पर्यायी शब्दांचीही तपासणी व्हावी. 'बहुजन' हा शब्द आधुनिक राजकारणात आणण्यात विठ्ठल रामजी शिंदे यांचा वाटा मोठा. ते जन्मले जमखंडीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, आणि 1920मध्ये त्यांनी बहुजन पक्ष काढला. तो शब्द संख्येवर उभा आहे आणि जातीचे गणित सांगतो. कोणाकडे किती जमीन हे तो सांगत नाही. 'कष्टकरी' श्रम सांगतो. 'सामान्य माणूस' काहीच सांगत नाही, म्हणून तर तो सगळ्या पक्षांना चालतो. 'नागरिक' हक्क सांगतो, पण रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला नागरिक म्हणून कोणी हाक मारत नाही. राज्य आणि माणूस यांच्यातले देणेघेणे दाखवणारा शब्द रयत हाच उरतो. देणे कोणाचे, घेणे कोणाचे आणि मध्ये कोण उभा आहे, हे प्रश्न त्याच्या पोटात आहेत. तो जपण्यासारखा आहे असे मला वाटते ते त्याच्या जुन्या वैभवासाठी नाही, या प्रश्नांसाठी.

सीमाप्रश्नाच्या राजकारणाने मात्र हे प्रश्न बाजूला ठेवले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि इथल्या सामान्य माणसाला 'सीमावासीय' हे नवे नाव मिळाले. ते भाषेचे दुःख सांगते आणि ते दुःख खरे आहे. उतारा कन्नडमध्ये येतो, तो वाचायला दुसऱ्याकडे जावे लागते, ही तक्रार पोकळ नाही. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिच्यावर भाषणे कमी झाली. मुंबई राज्याच्या कूळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला होता; त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले जाणार होते. बेळगाव जिल्हा त्याच्या पाच महिने आधीच राज्य बदलून बसला. इकडच्या कुळांना मालकी देणारा खरा बदल आला तो मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळात, जेव्हा 1 मार्च 1974 रोजी कुळांकडच्या जमिनी सरकारात निहित झाल्या आणि कुळांनी त्यांवर दावे लावले. कागल आणि निपाणी यांच्यात अंतर काही किलोमीटरांचे. कायद्याने कूळ मालक होण्यात अंतर सतरा वर्षांचे. मराठी कूळ आणि मराठी मालक, कन्नड कूळ आणि कन्नड मालक अशा सगळ्या जोड्या इथे होत्या, त्यामुळे हे अंतर भाषेच्या चौकटीत बसले नाही आणि चळवळीच्या घोषणांतही आले नाही.

निपाणीची दुसरी ओळख तंबाखू. तिथे 'रयत कोण' हा प्रश्न 1980च्या आसपास अक्षरशः रस्त्यावर आला. जुलै 1980मध्ये नरगुंद-नवलगुंदला मलप्रभा धरणाच्या लाभक्षेत्रातल्या करांविरुद्ध शेतकरी उठले, गोळीबार झाला आणि त्यातून कर्नाटक राज्य रैत संघ उभा राहिला. पुढच्याच वर्षी निपाणीत शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले. व्यापारी ठरवतील तो भाव, ते म्हणतील ती घट, या विरुद्ध हजारो शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले. 6 एप्रिल 1981 रोजी पोलिसांनी गोळ्या घातल्या, शेतकरी मेले. कन्नड मुलखात रैत आणि मराठी मुलखात शेतकरी असे दोन झेंडे असले, तरी निपाणीच्या त्या रस्त्यावर दोन्ही भाषांचे लोक बसले होते आणि मागणी एकच होती. पण त्याच गावात, त्याच तंबाखूच्या वखारींत, आणखी एक लढा त्याआधीपासून चालू होता. वखारींत तंबाखू झोडपणाऱ्या, चाळणाऱ्या, भरणाऱ्या बाया संघटित होत होत्या. दिवसभर नाकातोंडात धूळ, तुटपुंजी मजुरी, मुकादमाची दादागिरी आणि त्याहून वाईट काही, असे त्यांचे जिणे. दीपा धनराज यांच्या युगांतर गटाने 1982मध्ये त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा मराठी माहितीपट केला, म्हणून त्यांचे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचले. या बाया रैतही नव्हत्या आणि शेतकरीही नव्हत्या. उताऱ्यावर नाव नाही, म्हणून तंबाखूच्या भावाशी त्यांचा संबंध कागदोपत्री शून्य. शेतमालाला भाव मिळाला की मजुरीही वाढते, हा शेतकरी संघटनेचा युक्तिवाद. तो अगदीच खोटा नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा असेल तरच तो मजुरी वाढवू शकतो. पण वाढवू शकणे आणि वाढवणे यांच्यामध्ये संघटना लागते, आणि ती या बायांना स्वतःच बांधावी लागली, तीही वखारमालकासमोर, म्हणजे शेतकऱ्याच्याही विरोधकासमोर. एकाच व्यापाऱ्याने पिळलेले दोन समूह एका गावात होते आणि दोघांना सामावणारा शब्द कोणाकडे नव्हता. मराठीतली जुनी, स्त्रीलिंगी, समूहवाचक रयत त्या वेळी उपयोगी पडली असती. तिला कोणी हाक मारली नाही.

आज हाच प्रश्न योजनांच्या अर्जांत उभा असतो. 2019पासून चालू असलेली पीएम-किसान ही योजना वर्षाला सहा हजार रुपये देते, पण ज्या कुटुंबाच्या नावे शेतजमीन आहे त्यालाच. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधीच शेतकरी असावे लागते. शेतकरी असल्याचा दाखला हा जवळजवळ जन्मसिद्ध दर्जा झाला आहे, म्हणजे मिरासदारी मागच्या दाराने परत आली आहे. कर्नाटकाने 2020मध्ये ती अट काढून टाकली, त्यामुळे सीमेच्या दक्षिणेला आता पैसा असलेला कोणीही जमीन घेऊन रैत होऊ शकतो. अट ठेवली तर भूमिहीन कायमचा बाहेर, काढली तर पैसेवाला सहज आत. दोन्ही राज्यांनी एकाच अडचणीवर दोन उलटे उपाय केले आणि भूमिहीन मजूर दोन्हीकडे जिथल्या तिथे राहिला. 2021मध्ये बसवराज बोम्मई सरकारने 'रैत विद्यानिधी' ही शिष्यवृत्ती आणली, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. थोड्याच काळात तिची यादी वाढवावी लागली: शेतमजुरांची मुले, विणकरांची, मच्छीमारांची, रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्यांची. नाव रैतच राहिले आणि त्यात रिक्षावाला येऊन बसला. रैत आणि विद्या हे दोन शब्द जोडले गेले तेव्हा कन्नडमधला नेटका शब्दही पसरू लागला, आणि हे 1919च्या काले गावाकडे झालेले सरकणे आहे, सरकारला ते ठाऊक असो वा नसो.

त्या वाढलेल्या यादीतही एक माणूस स्वतःच्या कामाच्या नावाने सापडत नाही. बेळगाव, चिकोडी, निपाणीच्या शिवारांत दुसऱ्याची जमीन वाट्याने करणारे आहेत. 1974च्या सुधारणेनंतर कर्नाटकात शेतजमीन कुळाने देण्यावर बंदी आहे, सैनिक आणि खलाशी यांच्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. कुळांच्या भल्यासाठी केलेल्या या बंदीचा परिणाम असा की वाटेकरी कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. उताऱ्यावर मालकाचे नाव, विमा मालकाला, पीककर्ज मालकाला, नुकसानभरपाई मालकाला. पेरणी, कोळपणी, काढणी वाटेकऱ्याची. मालक बेळगावात किंवा पुण्यात नोकरीला असतो आणि कागदोपत्री रैत तोच असतो. वाटेकऱ्याची नोंद मालकी न हलवता, फक्त त्या हंगामाच्या पिकापुरती करता येईल. केंद्राचा नीती आयोग आणि काही राज्ये भाडेपट्ट्याच्या कायद्यांतून हा मार्ग चाचपत आली आहेत. मालकाला धास्ती आहे की नोंद झाली की उद्या हक्क सांगितला जाईल, आणि 1974 पाहिलेल्या घरांत ही धास्ती खुळी म्हणता येत नाही. ती घालवायची तर कायद्याला हंगामाची नोंद आणि मालकीची नोंद स्पष्ट वेगळी करावी लागेल. तोवर निपाणीच्या बाजूला तंबाखू किंवा ऊस वाट्याने करणारा माणूस रैत संपर्क केंद्रात बियाणे मागायला जाईल तेव्हा मालकाचा उतारा आणि मालकाचे आधार कार्ड खिशात घेऊन जाईल, आणि पावती मालकाच्या नावाची फाटेल.